जयसिंगपूर–शिरोळ–नृसिंहवाडी–कुरुंदवाड रस्ता : वीस वर्षांच्या आराखड्याच्या कामाच्या नोंदी

रस्ता जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरचा. जयसिंगपूरला कोल्हापूर–सांगली रस्त्यापासून सुटतो, शिरोळमधून नृसिंहवाडीला (आमच्या बोलण्यात वाडीला) जातो आणि पंचगंगा ओलांडून कुरुंदवाडला पोचतो. एवढ्या अंतरात ऊस आहे, दत्ताची पौर्णिमा आहे, शाळेची पोरं आहेत आणि पूर आहे. दर थोड्या वर्षांनी वरून डांबराचा थर पडतो, पुढच्या पावसाळ्यात उखडतो, आणि निवेदनात पुन्हा एकच ओळ लिहिली जाते : रस्ता चौपदरी करा. आम्ही काठावरचे काही शेतकरी, दोन शिक्षक, एक ऊस वाहतूकदार आणि मी (स्थापत्य अभियंता) असे एकत्र बसलो आणि ठरवलं, की निवेदन नको, आकड्यांसह आराखडा द्यायचा. दुसऱ्या गावांना हे काम करायचं असेल तर या नोंदी उपयोगी पडाव्यात.

१५ ऑक्टोबर २०२३ – आधी कागद

पहिला प्रश्न असा, की रस्त्याचा कोणता तुकडा कोणाचा? राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड १९४३ च्या नागपूर योजनेपासून चालत आली आहे, आणि पैसा आजही तिच्यातूनच वाहतो. गावाच्या हद्दीतला तुकडा, पुलाचे जोडरस्ते, बाहेरची वळणं यांचे मालक वेगवेगळे निघू शकतात. प्रत्येक तुकड्यापुढे खात्याचं नाव लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा प्रश्न जमिनीचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) क्रमांक ७३ च्या मानकाप्रमाणे मोकळ्या सपाट भागात राज्यमार्गाला ४५ मीटर जागा धरतात. प्रत्यक्षात गावनकाशावर जुन्या गाडरस्त्याची रुंदी दिसते, आणि काही गटांत रस्त्याखालची जमीन सातबाऱ्यावर अजून शेतकऱ्याच्याच नावावर आहे. म्हणजे ‘रस्त्याची जागा’ म्हणून ज्यावर सगळे बोट ठेवतात ती कागदावर नाहीच. संपूर्ण लांबीची सरकारी मोजणी आमच्या खिशाला झेपणारी नव्हती. म्हणून वळणं, चौक आणि जिथे दुकानं रस्त्याला टेकली आहेत तेवढेच तुकडे निवडले. मोजणीचा अर्ज साधा की तातडीचा, यावर फी ठरते. आम्ही साधा भरला. ज्यांना वर्षभरात काम उरकायचं आहे त्यांनी तातडीचाच भरावा. वाट पाहण्यात गेलेला वेळ फीपेक्षा महाग पडतो.

११ नोव्हेंबर २०२३ – वाहनमोजणी वाया

आयआरसी ९ सांगतं, की मोजणी वर्षातून किमान दोनदा करा, एकदा सुगीच्या आणि बाजाराच्या भरात, एकदा मंद काळात. दर वेळी सलग सात दिवस, चोवीस तास. आमच्याकडे सुगी म्हणजे गाळप हंगाम. नोव्हेंबर धरला, कॉलेजची मुलं रोजावर घेतली, तीन ठिकाणी खुर्च्या टाकल्या. आणि ऊसदराच्या आंदोलनामुळे कांडं हलेना. रस्त्यावर ट्रॉली नाही, कारखान्याच्या यार्डात रांग नाही. रोजाचे पैसे मात्र द्यावेच लागले.

या भागात दराचं आंदोलन ही काही अनपेक्षित गोष्ट नाही. जयसिंगपूरची ऊस परिषद दरवर्षी होते आणि हंगामाचा पहिला पंधरवडा तिच्यानंतर काय घडतं त्यावर ठरतो. मोजणीचा आठवडा कॅलेंडर बघून नाही, कारखान्याच्या काट्यावर वजनं सुरळीत सुरू झाली का ते बघून धरायचा.

१० डिसेंबर २०२३ – मोजणी पुन्हा

महिनाअखेरीस तिढा सुटला आणि डिसेंबरात हंगाम भरात आला. या वेळी सात दिवस नीट झाले, पण तक्ता मधेच बदलावा लागला. छापील तक्त्यात ‘ट्रॅक्टर’ असा एकच रकाना होता. मुलं मोकळा ट्रॅक्टर, एक ट्रॉली, दोन ट्रॉल्या आणि अंगद गाड्या (ट्रॅक्टरमागे जोडलेल्या छोट्या ऊसगाड्या) असं सगळं त्यातच टिपत होती. हे एकत्र झालं की हिशेब कोसळतो, कारण आयआरसी ६४ मध्ये रस्त्यावरचा भार मोजताना मोटारीला १ धरलं तर मोटारसायकलला ०.५, मोकळ्या ट्रॅक्टरला १.५, ट्रक-बसला ३, ट्रॉली जोडलेल्या ट्रॅक्टरला ४.५ आणि बैलगाडीला ८ धरतात. तिसऱ्या दिवसापासून रकाने वेगळे केले. भरलेली आणि रिकामी हेही वेगळं. पहिल्या दोन दिवसांचे आकडे टाकून दिले आणि पुढे दोन दिवस जास्त बसलो.

रात्रीची मोजणी टाळू नका. उसाची मोठी वाहतूक अंधार पडल्यावर चालते आणि अपघातही त्याच वेळी होतात. दोन ट्रॉल्यांच्या मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, उसाचं वाडं (हिरवे शेंडे) बाजूला लोंबतंय. मागून मोटारसायकलवाल्याला ती ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. या रस्त्यावर गेलेल्या माणसांची घरं आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहेत. म्हणून आराखड्याच्या पहिल्या पानावर रुंदीकरण नाही, तर रात्रीची ट्रॉली आहे.

सात दिवसांचे तक्ते जुळवल्यावर दिसलं, की हंगामात रस्ता कोंडतो तो वाहनांच्या संख्येने नव्हे, तर संथ आणि लांब वाहनांनी. दोन ट्रॉल्यांमागे दहा मोटारी अडकतात, त्यातला एक जण ओव्हरटेक करायला निघतो आणि समोरून दुसऱ्या दोन ट्रॉल्या येतात.

१८ डिसेंबर २०२३ – उलट्या बाजूने पडताळा

रस्त्यावरचे आकडे बरोबर आहेत का हे तपासायचा सोपा मार्ग आमच्या वाहतूकदाराने सुचवला. कारखान्याच्या गाळपावरून मागे यायचं. समजा एखादा कारखाना दिवसाला १०,००० टन गाळतो. दोन ट्रॉल्यांत साधारण २० टन ऊस धरला तर ५०० खेपा. प्रत्येक खेप भरलेली येते, रिकामी जाते, म्हणजे १,००० फेऱ्या. गुणिले ४.५ केलं की ४,५०० मोटारींएवढा भार, आणि तो सगळ्या दिशांच्या रस्त्यांवर वाटला जातो. सपाट भागातल्या दुपदरी रस्त्याची दिवसाची क्षमता १५,००० मोटारींएवढी धरतात. आपल्या रस्त्यावर त्यातला किती हिस्सा येतो ते कारखान्याच्या गट कार्यालयातून गाववार कळतं. आमची मोजणी या अंदाजाच्या जवळ बसली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

२६ डिसेंबर २०२३ – दत्तजयंती

आजचा दिवस वेगळा मोजला. पौर्णिमेला, शनिवारी आणि दत्तजयंतीला वाडीकडे येणारी गर्दी उसाच्या गर्दीसारखी नसते : मोटारी, वडाप (खाजगी प्रवासी गाड्या), एसटी, आणि चालत येणारी माणसं. चालणाऱ्यांना कडेला जागाच नाही. साईडपट्टीवर पेढे-बासुंदीच्या दुकानांसमोर गाड्या लागलेल्या, त्यामुळे बायका-मुलं डांबरावरून चालतात आणि त्यांच्या अंगाला घासून ट्रॉली जाते. आयआरसी १०३ पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगतं. इथे ती शून्य आहे.

दुकानदारांशी बोललो. त्यांना गाड्या दारात हव्यात, हे रास्तच आहे. पण वाहनतळ शिरोळच्या बाजूला अलीकडे करून तिथून पायवाट दुकानांसमोरून नेली, तर गिऱ्हाईक कमी होणार नाही, उलट चालत जाईल. दोघांना पटलं, बाकीच्यांना नाही. हा मुद्दा २०२८ च्या आसपासच्या कन्यागतासाठी (गुरू कन्या राशीत येतो तेव्हाचा पर्वकाळ) तर सोडवायलाच हवा. मागचा कन्यागत पर्वकाळ २०१६ ला झाला. बारा वर्षांनी येणाऱ्या गर्दीची तयारी शेवटच्या सहा महिन्यांत होत नाही.

२६ जानेवारी २०२४ – ग्रामसभा, आणि आराखड्याची दिशा बदलली

आम्ही मांडलेला पहिला मसुदा असा : रस्ता रुंद करा आणि २०१९ च्या पुराच्या वर उचला. टाळ्या मिळतील असं वाटत होतं. मागून एक अण्णा उठले. म्हणाले, “साहेब, रस्ता एवढा उंच केलासा तर आमच्या रानातलं पाणी जायचं कुठनं? आधीच रान खारं झालंय. पूर चार दिवसांनी जातोय, मग पुढं महिनाभर पाणी तुमच्या रस्त्याच्या बुडाला बसून राहणार नव्हं?”

सभेत नंतर दुसरं काही झालं नाही. सगळे यावरच बोलले आणि बरोबर बोलले. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमीन हा जुना आजार आहे. काळी खोल माती, पिढ्यानपिढ्या मोकाट पाणी, निचरा नाही. आता कुठे जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून लोक रानं पुन्हा पिकाऊ करू लागले आहेत. अशा मुलखात सलग उंच भराव घातला तर तो रस्ता राहत नाही, धरण होतं.

पूरही इथे वेगळा वागतो. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम वाडीला. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं तरी इथे रस्ता पाण्याखालीच असतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळी तालुक्याने हे भोगलं आहे.

मसुदा मागे घेतला. तेव्हापासून आराखड्याचा क्रम उलटा झाला : पाणी पहिलं, मग संथ वाहनं, मग चालणारी माणसं, आणि रुंदी सगळ्यात शेवटी.

२० फेब्रुवारी २०२४ – आडवे चर

रस्ता खचतो कुठे, याची यादी करायला दुचाकीवरून हळू फिरलो. खड्ड्यांचा नमुना विचित्र निघाला : रस्त्याला काटकोनात सरळ पट्टे. हे पाईपलाईनचे चर. नदीवरून उपसा करणाऱ्या पाणीपुरवठा संस्थांच्या आणि खाजगी पाईपलाईन रस्ता ओलांडून पलीकडच्या रानात जातात. नवं डांबर पडलं की महिन्याभरात कोणाची तरी पाईप फुटते, रात्रीत चर मारला जातो, वर माती लोटली जाते, आणि पहिल्याच पावसात तिथे उंबरठा तयार होतो.

शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. उभा ऊस वाळत असताना तो परवानगीची वाट बघणार नाही. उपाय साधा आहे : रस्ता करतानाच ठरावीक अंतरावर मोठ्या व्यासाच्या मोकळ्या नळ्या आडव्या टाकून ठेवायच्या, दोन्ही तोंडांना खूण करायची, आणि पुढची प्रत्येक पाईप त्यातूनच न्यायची. आम्ही संस्थांकडून ओलांडण्याच्या जागा नकाशावर भरून घेतल्या. एकूण खर्चात ही बाब किरकोळ आहे, पण ती नंतर टाकायची म्हटलं तर रस्ता पुन्हा फोडावा लागतो.

मार्च–मे २०२४ – थांबलेलं आणि चाललेलं काम

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. खात्यांबरोबरच्या बैठका थांबल्या. आमच्याकडे मतदान ७ मे रोजी होतं. हा काळ पातळ्या घेण्यात घालवला.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा घरांच्या भिंतींवर आहेत. डंपी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) भाड्याने आणून त्या एकमेकींना जोडायला लागलो, तर दोन गावांमधल्या खुणा जुळेनात. कारण शोधायला बरेच दिवस गेले. काही भिंती नंतर रंगवल्या होत्या आणि घरमालकाने खूण आठवणीवरून पुन्हा काढली होती. शेवटी नियम केला, की एका ठिकाणच्या किमान तीन घरांच्या खुणा जुळल्या तरच पातळी धरायची. आणि संदर्भबिंदू सुरुवातीलाच पुलाच्या कठड्यावर पक्का करून घ्यायचा. जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा (पंचवीस आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) त्याच नकाशावर चढवल्या.

मातीचे नमुनेही याच काळात दिले. काळ्या मातीचा भिजवलेला सीबीआर (मातीची भार पेलायची ताकद सांगणारा आकडा) दोन-तीन टक्क्यांच्या आसपास येतो, हे ऐकून होतो. आमचेही नमुने तिथेच बसले. जड वाहतुकीच्या रस्त्याला आयआरसी ३७ किमान ५ टक्के मागतं. म्हणजे खालची माती काढून चांगला मुरूम भरल्याशिवाय वरचं डांबर कितीही जाड असो, टिकणार नाही. शिवाय ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट नाही, साधारण सोळापट होते. रस्ता खराब कामामुळे फुटतो हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं ट्रॉलीत भरलेल्या जादा उसाचं आहे, आणि ते आपणच भरतो.

२२ जून २०२४ – मोऱ्या सापडल्या

पहिला जोराचा पाऊस पडला की छत्री घेऊन रस्त्यावर जायचं असं ठरलं होतं. कागदावर रस्त्याखालून पाणी जायच्या जितक्या मोऱ्या होत्या त्यातल्या कित्येक डोळ्यांना दिसत नव्हत्या. पाणी कुठे तुंबतं ते बघितल्यावर त्या सापडल्या : गाळ आणि पाचटाने बुजलेल्या, एका ठिकाणी तोंडावर बांध घातलेला, एका ठिकाणी वर टपरी. बुजलेल्यातल्या काही उपसून बघितल्या तेव्हा पाणी तासाभरात पलीकडे गेलं. शेतकरी स्वतःहून फावडी घेऊन आले होते. अख्ख्या कामात एवढ्या कमी पैशात एवढा परिणाम दुसऱ्या कशाने दिसला नाही.

शाळा सुरू झाल्यावर मंद काळातली मोजणीही याच आठवड्यात केली. मे महिन्यात करू नका. लग्नं आणि सुट्टीतले भाविक यामुळे तो मंद काळ नसतो.

२७ जुलै २०२४ – पूर

पंचगंगा कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या धोका पातळीच्या वर आहे. आमच्यापैकी दोघे उंच बाजूला थांबून फक्त एवढंच टिपत होते : कोणत्या सखल जागी पाणी कधी चढलं, त्या वेळी बंधाऱ्यावर किती फूट होते, आणि वाहनं कुठून वळली. २०१९ किंवा २०२१ एवढा हा पूर नव्हता, म्हणूनच तो कामाचा. मोठ्या पुरात सगळंच बुडतं. मधल्या पुरात कळतं की रस्ता पहिल्यांदा कुठे तुटतो.

जागा थोड्याच निघाल्या. त्या सुधारल्या तर दर वर्षीच्या पुरात रस्ता चालू राहील. मोठ्या पुरासाठी वेगळा विचार लागेल.

१५ सप्टेंबर २०२४ – आराखडा लिहून काढला

पुराचा निर्णय असा झाला. सबग्रेडचा (रस्त्याच्या थरांखालच्या दाबलेल्या मातीचा) तळ पूरपातळीच्या ०.६ ते १ मीटर वर हवा, हा नियम सगळीकडे लावायचा नाही. शिरोळ ते जयसिंगपूर हा तुकडा बारमाही करायचा, कारण जयसिंगपूरची बाजू त्या मानाने चढावर आहे आणि शिरोळ-वाडीची माणसं, जनावरं, आजारी लोक बाहेर पडतात ते तिकडूनच. त्यातही सखल भागात भराव नको, पुलासारखे उघडे गाळे हवेत, म्हणजे पाणी खालून जाईल. बाकीच्या सखल तुकड्यांवर रस्ता बुडेल हे मान्य करायचं, पण बुडून टिकेल असा काँक्रीटचा करायचा. साचलेल्या पाण्यात डांबर खडीला सोडतं, काँक्रीट सोडत नाही. बुडणाऱ्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना फुटांच्या खुणांचे खांब.

वाढीच्या दराबद्दल. नवीन माहिती नसेल तर सरसकट ५ टक्के धरतात. त्याने वीस वर्षांत वाहतूक २.६५ पट होते. आम्ही वाहनवार वेगळा धरला. उसाची जमीन वाढणार नाही, गाळपक्षमतेलाही मर्यादा आहे, म्हणून ट्रॉल्यांना नाममात्र वाढ. दुचाकी आणि मोटारींना मात्र पूर्ण. रत्नागिरी–नागपूर महामार्गाचा चोकाक–अंकली टप्पा पूर्ण झाला तर लांबची वाहतूक तिकडे जाईल, हेही गृहीत धरलं. या हिशेबात चौपदरीची गरज संपूर्ण लांबीला लागत नाही. लागते ती ७ मीटरची भक्कम दुपदरी, दोन्हीकडे पक्क्या साईडपट्ट्या, चढ नसला तरी ठरावीक अंतरावर संथ वाहनाला बाजूला होता येईल असे रुंद टप्पे, एसटीला थांबायला खाचा, आणि कारखान्याची रांग रस्त्यावर येणार नाही असं यार्ड.

चौपदरी नको, हे गावात सांगणं सोपं गेलं नाही. काही जणांना वाटतं आम्ही कमी मागून गावाचं नुकसान केलं. मला तसं वाटत नाही. चौपदरीसाठी जमीन जाते ती याच काठाच्या बागायतदारांची, मोबदल्याचे वाद वर्षानुवर्षे चालतात, आणि तोपर्यंत रात्रीच्या ट्रॉलीला मागे दिवा लागत नाही.

पहिल्या दोन वर्षांत होण्याजोगी कामं वेगळ्या पानावर ठेवली, कारण त्यांना जमीन लागत नाही : मोऱ्या उपसणं, ट्रॉलीला दिवा-रिफ्लेक्टर असल्याशिवाय काट्यावर न घेणं, शेतातून रस्त्यावर येणाऱ्या तोंडाला मुरूम टाकणं (चाकांचा चिखल डांबरावर येऊन दुचाक्या घसरतात), शाळांसमोर ओलांडणी.

१० ऑक्टोबर २०२४ – सादर

ग्रामपंचायतींचे ठराव, मोजणीचे तक्ते, पातळ्यांचा नकाशा आणि पाईपलाईनच्या जागा जोडून आराखडा दिला. विधानसभेची आचारसंहिता कधीही लागेल म्हणून घाई केली. पाच दिवसांनी ती लागलीच.

२२ जानेवारी २०२५ – शेरे आले

दोन शेरे. गाळ्यांच्या रुंदीसाठी पाण्याच्या प्रवाहाचा हिशेब जोडा, आणि जमिनीच्या मोजणीच्या नकला जोडा. पहिला शेरा योग्य आहे. पाणलोटाचा नकाशा आणि जूनमधल्या नोंदी घेऊन तो हिशेब मी सुरू केला आहे. दुसऱ्यासाठी तीन गटांची मोजणी अजून व्हायची आहे, तारीख मार्चातली मिळाली आहे.

दरम्यान एका कारखान्याच्या वाहतूक विभागाने दिव्याची अट या हंगामापासून लावली. काट्याजवळ बॅटरीवरचे दिवे आणि रिफ्लेक्टर पट्ट्या ठेवल्या आहेत. नसेल तर तिथेच बसवून बिलातून कापून घेतात. ट्रॉलीवाले पहिल्या आठवड्यात कुरकुरले, आता स्वतः मागतात. पुढच्या मोजणीत ‘मागे दिवा आहे / नाही’ असा रकाना वाढवला आहे. तक्त्याची सुधारलेली प्रत कोणालाही हवी असेल तर जरूर वापरा.